ॲटलास पतंग: ओळख, अधिवास आणि दारात आल्यावर काय करायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पावसाळा सुरू झाला की कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावरच्या गावांतून एकाच प्रकारचे फोटो फिरू लागतात: पडवीच्या खांबावर, दिव्याखालच्या भिंतीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात बसलेला प्रचंड मोठा तपकिरी-तांबूस पतंग. सोबतचा मजकूरही ठरलेला, ‘जगातला सर्वात मोठा, अतिदुर्मिळ, नामशेष मानला गेलेला’. यातलं थोडं खरं आहे, बरंचसं नाही. आणि निम्म्या फोटोंत तर ॲटलास नसतोच.

ॲटलास पतंग नक्की कसा ओळखायचा?

आकार बाजूला ठेवा आणि आधी पंखांतल्या ‘खिडक्या’ बघा. चारही पंखांवर साधारण मध्यभागी एकेक त्रिकोणी पारदर्शक तुकडा असतो, भोवती काळी किनार. तिथे खवले नसतात, त्यामुळे पंखामागची भिंत किंवा पान आरपार दिसतं. पुढच्या पंखावर या त्रिकोणाशेजारी कधीकधी आणखी एक छोटा पारदर्शक ठिपका असतो.

दुसरी खूण म्हणजे पुढच्या पंखाचं टोक. ते बाहेर ओढल्यासारखं लांबट आणि खाली वळलेलं असतं. त्याचा रंग पिवळट-गुलाबी, त्यावर एक गडद ठिपका आणि वाकडी रेघ. बाजूने पाहिलं तर सापाचं डोकं वाटतं.

तिसरी खूण म्हणजे पट्टे. पंखाच्या आतल्या आणि बाहेरच्या भागात पांढऱ्या-गुलाबी-काळ्या रेघांचे ठळक पट्टे असतात आणि त्यांच्या मध्ये तांबूस-विटकरी रंग. पंखाच्या कडेला पिवळसर-तपकिरी पट्टा आणि त्यातून गेलेली नागमोडी काळी रेघ दिसते. मागच्या पंखाला शेपटी नसते.

त्रिकोणी खिडक्या, वळलेलं टोक आणि शेपटीचा अभाव ही तिन्ही एकत्र असतील तर आपल्या भागात दुसऱ्या कुठल्या पतंगाशी गोंधळ होत नाही.

आकार किती असतो? आणि मोजायचा कसा?

पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण १५ ते २४ सेंटिमीटर. नर लहान, मादी मोठी. सुरवंट असताना खायला कमी मिळालं असेल तर पतंगही लहान निघतो. म्हणूनच ‘एवढा छोटा आहे, ॲटलास नसेल’ असं म्हणून फोटो बाद करू नका.

मोजण्यासाठी पतंगाला हात लावायची गरज नाही. त्याच्या शेजारी, त्याच पातळीवर पट्टी धरून फोटो घ्या. पट्टी नसेल तर पेन किंवा दहा रुपयांचं नाणं चालेल. वस्तू पतंगाच्या पुढे, कॅमेऱ्याजवळ धरली की माप चुकतं. संग्रहालयातल्या नमुन्यांची मापं पंख ताणून लावल्यावरची असतात, बसलेल्या पतंगाचं माप त्याहून कमी भरतं.

कोणत्या पतंगांशी गल्लत होते?

सर्वात जास्त गल्लत होते ती घुबड पतंगाशी, म्हणजे इरेबस मॅक्रॉप्सशी. तो गडद तपकिरी, पंखविस्तार साधारण १२ सेंटिमीटर, पुढच्या प्रत्येक पंखावर डोळ्यासारखा मोठा गोल ठिपका. दिवसा वळचणीला, जिन्याखाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसतो आणि पिकलेल्या फळांवर, झाडाच्या गळणाऱ्या रसावर येतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे मिशा पाहा. इरेबसच्या शृंगिका दोऱ्यासारख्या बारीक, ॲटलासच्या पिसासारख्या. शिवाय इरेबसच्या पंखात पारदर्शक काहीच नसतं. ‘ॲटलास सापडला’ म्हणून येणाऱ्या घरातल्या फोटोंत हाच असण्याची शक्यता मोठी.

टसर पतंग, म्हणजे टसर रेशीम देणारा, हा ॲटलासचाच कुळबंधू. त्याचं शास्त्रीय नाव अँथेरिया पाफिया, जुन्या लिखाणात अँथेरिया मायलिट्टा. त्याच्याही पंखांत पारदर्शक भाग असतो, पण तो गोल, भोवती रंगीत कडी. चार पंखांवर चार गोल डोळे दिसले की टसर. मादी बहुधा पिवळसर किंवा राखाडी, नर विटकरी-तपकिरी. पूर्व विदर्भात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात मोठा पतंग दिसला तर पहिला अंदाज टसरचा करा, ॲटलासचा नंतर. तिथे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवण्याचं काम ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यानपिढ्या करत आली आहेत.

चंद्र पतंग किंवा मून मॉथ, म्हणजे ॲक्टिअस सेलेनी, फिकट हिरवा असतो. मागच्या पंखांना लांब शेपट्या, पुढच्या पंखांची वरची कड किरमिजी. त्याची ॲटलासशी गल्लत व्हायचं कारण नाही, तरी नावांची अदलाबदल होते. त्या शेपट्या नुसत्या शोभेच्या नाहीत. याच गटातल्या अमेरिकी लूना पतंगावर झालेल्या प्रयोगांत दिसलं की उडताना फिरणाऱ्या शेपट्यांमुळे वटवाघळाचा नेम शरीराऐवजी शेपटीवर जातो.

क्रिक्युला ट्रायफेनेस्ट्राटा हा कोकणातल्या काजू-आंब्याच्या बागांतला. तपकिरी, बराच लहान, पुढच्या पंखावर छोट्या पारदर्शक ठिपक्यांची ओळ. त्याचा कोश सोनेरी, जाळीदार असतो आणि एकावर एक असे अनेक कोश एकत्र चिकटलेले सापडतात.

शेवटी कवटीचं चिन्ह असलेला ॲकेरोन्शिया. हा ससाणा पतंगांच्या कुळातला, अंग जाड, पंख अरुंद आणि लांब, पाठीवर कवटीसारखी आकृती. धरला तर चिरका आवाज काढतो. मधाच्या पोळ्यांत शिरतो, ॲटलास तसं काही करत नाही.

नर कोणता, मादी कोणती?

शृंगिका बघा. नराच्या रुंद, भरघोस पिसासारख्या असतात. मादीच्याही पिसासारख्याच, पण अरुंद आणि आखूड दातांच्या. नराच्या पुढच्या पंखाचं टोक जास्त वळलेलं आणि पंख अरुंद, मादीचे पंख रुंद. पोट हा तिसरा पुरावा, मादीचं अंड्यांनी भरलेलं, जाड. फक्त पोटावरून ठरवू नका, कारण अंडी घालून झालेल्या मादीचं पोटही खपाटीला गेलेलं असतं.

नोंद करताना नाव कोणतं द्यायचं, ॲटॅकस ॲटलास की ॲटॅकस टॅप्रोबॅनिस?

‘ॲटलास’ हे नाव सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअस या शास्त्रज्ञाने १७५८ साली दिलं. हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत आणि तिथून पुढे आग्नेय आशियात पसरलेला तो ॲटॅकस ॲटलास. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला पतंग ॲटॅकस टॅप्रोबॅनिस या वेगळ्या प्रजातीत धरला जातो, आणि पश्चिम घाटातल्या नोंदी हल्ली त्याच नावाखाली टाकल्या जातात. मराठी बातम्यांत आणि जुन्या याद्यांत मात्र सरसकट ॲटॅकस ॲटलासच छापलेलं आढळेल.

दोघांमधले फरक बारीक आहेत आणि एकेक पतंग कमीजास्त गडद असतोच, त्यामुळे फोटोतल्या रंगछटेवरून प्रजाती ठरवण्याच्या फंदात पडू नका. ठिकाण अचूक लिहा. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सातारा, गोवा असं ठिकाण असेल तर टॅप्रोबॅनिस लिहिणं रास्त. खात्री वाटत नसेल तर नुसतं ‘ॲटॅकस’ लिहिलेलंही चांगलं. बोलताना ॲटलास पतंग म्हणायला काहीच हरकत नाही, या पानावरही तेच केलं आहे.

हा जगातला सर्वात मोठा पतंग आहे का?

नाही. पंखांच्या क्षेत्रफळात ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला हर्क्युलिस पतंग पुढे धरला जातो, आणि पंखांच्या लांबीत दक्षिण अमेरिकेतला थायसॅनिया ॲग्रिपिना. जगातल्या सर्वात मोठ्या पतंगांपैकी एक, एवढं म्हटलं की पुरे.

मग दुर्मिळ तरी आहे का? पूर्वी इतका दिसत नव्हता.

योग्य जंगलात, योग्य महिन्यांत तो दुर्मिळ नाही. तो कमी दिसतो त्याची कारणं त्याच्या आयुष्यक्रमात आहेत. पतंग म्हणून तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो, रात्री उडतो आणि दिवसा झाडीत हलत नाही. आता प्रत्येक वाडीत पांढरे एलईडी दिवे आहेत आणि प्रत्येक खिशात कॅमेरा, म्हणून नोंदी वाढल्या. नोंदी वाढणं म्हणजे पतंग वाढणं नव्हे, आणि ‘नामशेष झालेला पुन्हा सापडला’ हे तर पूर्ण चूक.

चिंता करायची तर ती झाडांची करावी. घाटातली मिश्र झाडी तोडून एकच पीक लावलं, बांधावरची झाडं साफ केली किंवा बागेत सतत कीटकनाशकं मारली, तर सुरवंट वाढायला जागा उरत नाही. पतंग आठवड्याचा पाहुणा, सुरवंट आणि कोश मात्र महिनोन्‌महिने झाडावर असतात.

तो कोणत्या जंगलात राहतो?

दमट पानझडी, निमसदाहरित आणि सदाहरित जंगलं, तसंच त्यांना लागून असलेल्या बागा. महाराष्ट्रात आंबोली, तिलारी, राधानगरी, कोयना हा पट्टा आणि त्याखालचं कोकण, गोव्यात म्हादई आणि मोल्याच्या बाजूची जंगलं ही त्याची खरी घरं. गोव्यातली कुळागरं (सुपारी-नारळाच्या मिश्र बागा) आणि सिंधुदुर्गातल्या मसाल्याच्या बागाही त्याला चालतात, कारण तिथे दालचिनी असते, सावली असते आणि हवेत ओल टिकते.

देवरायांचं महत्त्व इथे वेगळंच आहे. आजूबाजूचा डोंगर उघडा झाला तरी देवराईत जुनी झाडं, वेली आणि पाचोळा टिकून असतो. गावात पतंग दिसला आणि जवळ मोठं जंगल नसेल, तर आधी देवराई कुठे आहे ते बघा.

जागा पाहताना तीन गोष्टी लिहून ठेवा: आसपास सुरवंटाच्या खाद्याची झाडं कोणती आहेत, जंगलाची कड किती लांब आहे आणि जवळचा तेजस्वी दिवा कुठे आहे. दिव्यावर आलेला नर बऱ्याच अंतरावरून आलेला असू शकतो, तेव्हा दिव्याची जागा म्हणजे त्याचा अधिवास असं समजू नका. दिवसा झाडावर निवांत बसलेली मादी, ताजा कोश किंवा सुरवंट हा अधिवासाचा कितीतरी भक्कम पुरावा.

वर्षातल्या कोणत्या महिन्यांत शोधायचा?

जूनच्या पावसानंतर ते ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. कोरडा काळ तो कोशात काढतो. कोशातून सहसा सकाळी बाहेर पडतो, दिवसभर पंख वाळवत जवळच बसतो आणि मादी बहुधा पहिल्याच रात्री गंध सोडून नराला बोलावते. ती स्वतः फारशी हिंडत नाही, तो गंध पकडत नरच लांबून येतो.

सुरवंट कोणत्या झाडांवर सापडतो आणि कसा दिसतो?

त्याला एकच झाड लागतं असं नाही. दालचिनी, लिंबूवर्गीय झाडं, पेरू, सीताफळाच्या कुळातली झाडं आणि महारूख ही ओळखीची खाद्यझाडं. जंगलात याशिवाय आणखी कितीतरी झाडांवर तो वाढतो, म्हणून सुरवंट सापडला की झाडाच्या पानाचा, फांदीचा आणि खोडाचा वेगळा फोटो घ्याच. आपल्याकडच्या जंगलांतल्या खाद्यझाडांच्या नेमक्या नोंदी फार मोलाच्या आहेत, मोठ्या पतंगाच्या आणखी एका फोटोपेक्षा नक्कीच.

पूर्ण वाढलेला सुरवंट दहा ते बारा सेंटिमीटर लांब आणि जाडजूड. रंग निळसर-हिरवा, अंगभर मऊ मांसल काटे आणि त्यांवर पांढरी मेणासारखी पूड. शेवटच्या पायांच्या बाजूला नारिंगी-लाल कडं दिसतं. शेपटाशी एकच ताठ शिंग असेल तर तो ससाणा पतंगाचा सुरवंट. अंग हिरवं, गोल उंचवटे पिवळे-नारिंगी आणि त्यांवर तुरळक केस असतील तर चंद्र पतंगाचा. हिरव्या अंगाला बाजूने पिवळी रेघ आणि चांदीसारखे चकाकणारे ठिपके असतील तर टसरचा.

उंच झाडावर सुरवंट दिसत नाही, तेव्हा खाली बघा. मोठ्या सुरवंटाच्या लेंड्या जाड, आखूड, पिंपासारख्या असतात आणि त्यांवर उभ्या खाचा स्पष्ट दिसतात. झाडाखाली अशा ताज्या लेंड्या असतील तर बरोबर वरच्या फांदीवर, खाल्लेल्या पानांच्या आसपास नजर फिरवा. जोराचा पाऊस लेंड्या विरघळवून टाकतो, त्यामुळे उघडीप मिळाल्यावरची सकाळ यासाठी बरी.

कोश कसा ओळखायचा? तो घरी आणावा का?

कोश सात-आठ सेंटिमीटर लांब, तपकिरी, कागदी पण चिवट, आणि एक-दोन पानांत गुंडाळलेला. सुरवंट पानाचा देठ रेशमाने फांदीला बांधून टाकतो, म्हणून झाडाची बाकीची पानं गळली तरी ते पान लटकतच राहतं. हिवाळ्यात उघड्या फांदीवर एकच सुकलेलं, जडसर पान वाऱ्यावर डोलताना दिसलं तर दुर्बिणीतून तपासा.

टसरचा कोश यापेक्षा अगदी वेगळा. गुळगुळीत, कठीण, अंडाकृती, आणि फांदीला कड्यासारख्या देठाने टांगलेला.

कोशाच्या वरच्या टोकाला तोंड उघडं असेल आणि आत रिकामी कात असेल तर पतंग नीट बाहेर पडला आहे. बाजूला लहान गोल भोक असेल तर परजीवी गांधीलमाशी किंवा माशीने तो संपवला. मोठं, फाटकं भोक असेल तर पक्ष्याचं काम असावं.

घरी आणू नका. घरातली कोरडी हवा, मुंग्या आणि अवेळी येणारा पतंग ही तीन कारणं पुरेशी आहेत. बंद खोलीत अवेळी निघालेल्या मादीला नर कुठून मिळणार? छाटलेल्या फांदीसोबत कोश आलाच असेल तर ती फांदी त्याच झाडाला किंवा शेजारच्या झाडाला, सावलीत, मूळ उंचीच्या जवळपास सुतळीने बांधा. कोश मोकळा लटकला पाहिजे, खोडाला टेकवू नका.

पतंग घरात शिरला आहे. काय करू?

रात्र असेल तर खोलीतला दिवा आणि पंखा बंद करा, खिडकी पूर्ण उघडा, बाहेरचा दिवाही मालवा. बऱ्याचदा तो अर्ध्या-एक तासात स्वतः निघून जातो. निघण्याआधी बराच वेळ पंख थरथरवताना दिसेल, तो आजारी नाही. उडण्याचे स्नायू गरम करण्याची त्याची ती रीत आहे आणि तेवढा वेळ त्याला द्यायलाच हवा.

दिवस असेल तर हलवायची घाई नको. मुंग्या, मांजर, पाल किंवा कावळ्यांचा धोका असेल तरच हलवा. जाड कागद किंवा काठी त्याच्या पुढच्या पायांखाली हळूच सरकवा, तो चढतो. मग सावलीतल्या खरखरीत खोडावर, डोक्याएवढ्या उंचीवर ठेवा. पंखांना चिमटीत धरू नका आणि ‘उडून जाऊ दे’ म्हणून हवेत भिरकावू नका. स्नायू थंड असताना तो उडू शकत नाही, सरळ जमिनीवर आपटतो.

मादीने भिंतीवर किंवा पडद्यावर अंडी घातली असतील तर ती साधारण अडीच मिलिमीटरची, तांबूस डिंकाने चिकटवलेली दिसतात. भिंतीवरची खरवडू नका, फुटतात. कागदावर किंवा कापडावर असतील तर तेवढा तुकडा कापून पेरूच्या किंवा दालचिनीच्या पानामागे टाचणीने लावा. अंडी फुटायला साधारण आठ ते चौदा दिवस लागतात. काही दिवसांत ती खोलगट होऊन चपटली तर मादीचं मीलन झालेलं नव्हतं.

त्याला साखरपाणी किंवा फळ द्यावं का?

नाही. पूर्ण वाढलेल्या ॲटलासची सोंड कामाची नसते, तो काहीच खात-पीत नाही. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर त्याचं उरलेलं आयुष्य निघतं. साखरपाणी अंगाला लागलं तर मुंग्या मात्र नक्की येतात.

पंख चुरगळलेले आहेत. बरे होतील का?

पोट फुगीर, पंख ओलसर आणि मऊ असतील तर तो नुकताच कोशातून निघाला आहे. त्याला उभ्या पृष्ठभागावर, पंख खाली मोकळे लोंबतील असं बसू द्या. शरीरातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलला जातो आणि काही तासांत पंख पूर्ण ताणले जातात. या वेळात तो खाली पडला किंवा पंखाला काही टेकलं तर घडी तशीच कडक होते, आणि मग कुठलाही उपाय नाही. पंख कोरडे आणि चुरगळलेलेच असतील तर त्याला झाडीत ठेवून द्या. मादी असेल तर न उडताही गंध सोडून नर बोलावू शकते.

पंखाच्या कडा फाटल्या असतील तर काळजीचं कारण नाही. जुने पतंग असेच दिसतात आणि तसेच उडतात.

तो विषारी आहे का? पंखांची पूड डोळ्यात गेली तर आंधळेपण येतं म्हणतात.

चावत नाही, डंख मारत नाही, विषारी नाही. पूड म्हणजे पंखांवरचे सुटलेले खवले. डोळ्यात गेले तर कुठल्याही धुळीसारखं खुपेल, स्वच्छ पाण्याने धुवा. दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असणाऱ्यांनी हाताळू नये. ॲटलासच्या सुरवंटाला खाजरे केस नसतात, पण फार डिवचलं तर तो अंगातून द्रव फवारतो. काजूवरच्या क्रिक्युलाचे केसाळ सुरवंट मात्र खाज आणतात, त्यांना उघड्या हाताने लावू नका.

पंखावर खरंच साप आहे का?

पंखाचं टोक सापाच्या डोक्यासारखं दिसतं, आणि डिवचल्यावर पतंग जमिनीवर पडून पंख संथपणे हलवतो तेव्हा ते साम्य आणखी वाढतं. पक्षी खरोखर घाबरतात का, हा वेगळा प्रश्न. ओळख पटवायला मात्र ते टोक उपयोगी आहे.

ओळख पटवण्यासाठी फोटो कसे काढायचे?

चार फोटो पुरतात. पंख पूर्ण उघडे असताना समोरून, कॅमेरा पंखांना समांतर ठेवून. दुसरा डोक्याचा जवळून, शृंगिका स्पष्ट येतील असा. तिसरा पट्टीसह. चौथा दूरून, तो कुठे बसला आहे ते दिसेल असा. शक्य असेल तर पंखांच्या खालच्या बाजूचाही एक घ्या, पण त्यासाठी पतंग उलटवू नका.

मोबाईलचा फ्लॅश समोरून मारला की पारदर्शक खिडक्या चमकून पांढऱ्या दिसतात आणि मुख्य खूणच हरवते. कुणाला तरी टॉर्च बाजूने, तिरपा धरायला सांगा. पिवळ्या दिव्याखाली विटकरी रंग नारिंगी होतो, त्यामुळे रंगावरून वाद घालण्याआधी दिवा कोणता होता ते विचारा.

नोंद आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाका. तारीख, वेळ, अचूक ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, दिव्यावर आला की झाडावर होता, एवढं लिहा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो स्वतःच्या नावाने टाकू नका. त्यातली तारीख आणि ठिकाण निघून गेलेलं असतं आणि तोच पतंग चार गावांत नोंदला जातो.

रात्री दिवा-पडदा लावून शोधायचा असेल तर?

साधारण दोन मीटर रुंद, दीड-दोन मीटर उंच पांढरी सुती चादर दोरीवर ताणा. खालची कड जमिनीवर पसरू द्या, कारण बरेच पतंग खालीच उतरतात. १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब किंवा अतिनील एलईडी पट्टी चादरीपासून हात-दीड हात अंतरावर लावा. मर्क्युरी बल्ब फार तापतो आणि त्यावर पावसाचा थेंब पडला तर काच तडकते, म्हणून वर छोटं छप्पर हवंच. दिव्याकडे टक लावून पाहू नका, चष्मा घाला.

अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, उबदार, वारा नसलेली रात्र निवडा. पौर्णिमेला फार कमी येतात. आणि लवकर आवरू नका. ॲटलासच्या कुळातले मोठे पतंग उशिरा येतात, दहाला दिवा बंद करणाऱ्याला ते भेटत नाहीत.

सर्वात मोठी चूक पहाटे होते. दिवा उजाडेपर्यंत चालू राहिला तर कोतवाल आणि बुलबुल चादरीवरचे पतंग एकेक करून टिपतात. उजाडण्याच्या तासभर आधी दिवा बंद करा, चादर हळूच झटका, बसून राहिलेल्यांना झाडीत सोडा. चादरीवर चालताना पायाखाली बघा. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनविभागाच्या परवानगीशिवाय दिवा लावू नका. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ‘नॅशनल मॉथ वीक’ असतो, २०१२ पासून तो दरवर्षी होतो. त्या आठवड्यात गावातल्या मुलांना घेऊन अंगणात पडदा लावणं सर्वात सोयीचं.

पेरूच्या झाडावर मोठे सुरवंट आहेत. फवारणी करू का?

नको. ॲटलासचे सुरवंट एका झाडावर मोजकेच असतात आणि थोडी पानं खाऊन महिना-सव्वा महिन्यात कोशात जातात. झाड पुन्हा पालवतं. कुंडीतलं लहान रोप असेल तर सुरवंट असलेली फांदीच कापून मोठ्या पेरूवर टेकवा, तो स्वतः चालत जाईल. सुरवंटाला ओढून काढू नका, पाय घट्ट रोवलेले असतात आणि जखम होते. काजूवर क्रिक्युलाचे थवे पूर्ण झाड खराटा करतात तो प्रकार वेगळा, त्यासाठी कृषी सहायकाचा सल्ला घ्या.

याच्यापासून रेशीम मिळतं का?

धागा मिळतो, पण टसरसारखा सलग उकलत नाही, तुकड्या-तुकड्यांचा आणि लोकरीसारखा असतो. तैवानमध्ये रिकाम्या कोशांची छोटी पाकिटं करतात. आपल्याकडे धंदा म्हणून विचार करायचा तर तो टसरचा.

मेलेला पतंग सापडला. ठेवता येईल का?

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून मेलेलाही उचलू नका. घराच्या अंगणात, दिव्याखाली मेलेला मिळाला तर शाळेसाठी ठेवता येतो. अंग कडक झालं असेल तर झाकणाच्या डब्यात ओलसर कापडावर, कापडाला न टेकवता, एक-दोन दिवस ठेवा. बुरशी येऊ नये म्हणून चिमूटभर नॅफ्थॅलीन टाका. मऊ झाला की थर्माकोलवर पंख कागदी पट्ट्यांनी ताणून दोन आठवडे वाळवा. टाचणी पंखांतून नाही, छातीतून घालायची. मादीचं पोट चरबीमुळे तेलकट होऊन कुजतं, म्हणून ते वेगळं करून वाळवलेलं बरं.

पेटी घट्ट बंद होणारी हवी, नाहीतर पावसाळ्यात बुरशी आणि त्यानंतर संग्रहातले बारीक भुंगे आतून सगळं पोखरतात. टाचणीखाली कागदाची चिठ्ठी लावा: गाव, तालुका, जिल्हा, तारीख, दिव्यावर की झाडावर. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा, शाई दमटपणात पसरते.